गावातल्या विजेला आणि नेटला जुळणारा विंडोज

विंडोजच्या मूळ सेटिंग्जमध्ये दोन गोष्टी गृहीत धरलेल्या असतात: वीज अखंड मिळते आणि इंटरनेट हवे तितके वापरता येते. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्यासारख्या गावात यांपैकी एकही गोष्ट खरी नसते. मृगाचे वारे सुटले की लाईट जाते, मे महिन्यात ट्रान्सफॉर्मरवर भार आला की जाते, आणि नेट म्हणजे बहुतेक घरांत मोबाईलचा हॉटस्पॉट. अशा ठिकाणी संगणक रखडत चालू लागला की माणसे तो जुना झाला असे समजून सोयाबीनच्या पैशांतून नवा घ्यायला निघतात, आणि ते पाहून मला मनापासून हळहळ वाटते. कारण आपल्या परिस्थितीला लागणाऱ्या पुष्कळ सोयी त्याच यंत्रात आधीपासून असतात, फक्त त्या कुणी चालू करून दिलेल्या नसतात.

पहिली सोय नेटची. सेटिंग्जमध्ये 'नेटवर्क अँड इंटरनेट' उघडून आपल्या हॉटस्पॉटच्या नावावर गेले की तिथे 'मीटर्ड कनेक्शन' हा पर्याय दिसतो. तो चालू केला की विंडोज बहुतेक अपडेट आपणहून उतरवणे थांबवतो आणि वनड्राइव्ह (फायली नेटवर साठवणारी मायक्रोसॉफ्टची सोय) हासुद्धा फायलींची पाठवापाठवी थांबवू शकतो. मोबाईल केबलने जोडून नेट घेत असाल तर ते 'इथरनेट' या नावाखाली दिसते. तिथेही हा पर्याय आहे. त्याच पानाजवळच्या 'डेटा युसेज'मध्ये गेल्या तीस दिवसांत कोणत्या प्रोग्रॅमने किती डेटा खाल्ला, हे नावानिशी कळते. पीकविम्याचा अर्ज भरायचा असतो, मुदतीचा शेवटचा दिवस असतो, आणि नेमक्या त्याच वेळी संगणक मागच्या मागे अपडेट ओढत बसतो, हा अनुभव सेवा केंद्र चालवणाऱ्या प्रत्येकाला असेल. मात्र मीटर्ड केले म्हणून अपडेट कायमचे टाळू नयेत, कारण सुरक्षेची दुरुस्ती त्यांतूनच येते. रोजच्या पॅकमधला उरलेला डेटा रात्री बाराला वाया जाणारच असतो. आठवड्यातून एखाद्या रात्री तो अपडेटसाठी लावावा.

विजेची गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. यूपीएस लावलेला असला तरी तो काही मिनिटेच तग धरतो, आणि तेवढ्यात दहा उघड्या फायली सेव्ह करून बंद करणे जमतेच असे नाही. यासाठी 'हायबरनेट' आहे. रॅममध्ये, म्हणजे तात्पुरत्या मेमरीत, चालू असलेले सगळे काम तो डिस्कवर लिहून ठेवतो आणि संगणक पूर्ण बंद होतो. लाईट आल्यावर बटण दाबले की बचत गटाची एक्सेल शीट ज्या रकान्यावर सोडली होती, त्याच रकान्यावर उघडी मिळते. 'स्लीप'मध्ये मात्र काम रॅममध्येच राहते आणि रॅमला वीज लागते, म्हणून आपल्याकडे नुसत्या स्लीपवर विसंबू नये. हायबरनेट हा पर्याय सहसा शटडाऊनच्या यादीत दिसत नाही. कंट्रोल पॅनेलमधल्या 'पॉवर ऑप्शन्स'मध्ये जाऊन, पॉवर बटणांचे काम ठरवणाऱ्या पानावर 'चेंज सेटिंग्ज दॅट आर करंटली अनअव्हेलेबल' यावर क्लिक करावे आणि खाली हायबरनेटसमोर खूण करावी. यूपीएसला यूएसबीची केबल जोडण्याची सोय असेल तर ती जरूर जोडावी. पुष्कळ यूपीएस विंडोजला बॅटरीसारखे दिसतात, आणि मग बॅटरी ठरावीक टक्क्यांवर उतरली की आपणहून हायबरनेट हो, असे त्याला सांगून ठेवता येते. वावरात गेलेल्या माणसाच्या मागे घरचा संगणक स्वतःच सुरक्षित बंद होतो, ही आपल्याकडे फार मोलाची सोय आहे.

याच पानावर 'फास्ट स्टार्टअप' नावाची एक खूण असते. ती चालू असताना 'शटडाऊन' केले तरी विंडोजचा गाभा पूर्णपणे बंद होत नाही, त्याची स्थिती डिस्कवर ठेवली जाते आणि पुढच्या वेळी तीच परत उचलली जाते. त्यामुळे प्रिंटर ओळखला जात नसेल किंवा यंत्र विचित्र वागत असेल, तर बंद करून चालू करण्यापेक्षा 'रिस्टार्ट' करणे अधिक उपयोगी पडते.

संगणक सुरू व्हायला फार वेळ लागत असेल, तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडावा आणि 'स्टार्टअप'मध्ये जी नावे रोज लागत नाहीत ती 'डिसेबल' करावीत. अँटिव्हायरसला हात लावू नये. एवढे करूनही फरक पडला नाही आणि आत जुनी फिरती हार्ड डिस्क असेल, तर एसएसडी, म्हणजे फिरता भाग नसलेली वेगवान डिस्क, बसवण्याइतका फरक दुसऱ्या कोणत्याही खर्चाने पडत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

मराठी लिहिण्याबद्दल मला जरा अधिक सांगायचे आहे. आजही अनेक ठिकाणी अर्ज आणि ठराव कृतिदेव या जुन्या फाँटमध्ये टाईप होतात. तो फाँट नसलेल्या यंत्रावर ती फाईल उघडली की इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची रांग दिसते, कारण आत साठवलेली अक्षरे मुळात तीच असतात. म्हणूनच शेतकऱ्याचे नाव मराठीत लिहून शोधले तर ते सापडत नाही. विंडोजमध्ये भाषेच्या सेटिंग्जमधून मराठी जोडली की इन्स्क्रिप्ट हा भारतीय भाषांसाठीचा प्रमाण कीबोर्ड फुकट मिळतो आणि त्यातून युनिकोड, म्हणजे कोणत्याही यंत्रावर मराठीच दिसणारी अक्षरे, लिहिली जातात. विंडोज कळ आणि स्पेसबार एकत्र दाबून इंग्रजी-मराठी अदलाबदल करता येते. इन्स्क्रिप्टमध्ये स्वर डाव्या हाताला आणि बहुतेक व्यंजने उजव्या हाताला आहेत, ही मांडणी एकदा बोटांत बसली की वेग आपोआप येतो. आपला 'वऱ्हाड' शब्दच घ्या. बी दाबून व, शिफ्टसह जे दाबून ऱ, डी दाबून हलन्त, यू दाबून ह, ई दाबून काना आणि पी शेजारच्या चौकोनी कंसाच्या कळीवर ड. शिफ्ट न दाबता नुसता जे घेतला तर र चा रफार होऊन ह च्या डोक्यावर बसतो आणि शब्द चुकतो. 'पऱ्हाटी', 'तऱ्हा', 'शेतकऱ्याला' हे सगळे शब्द याच रीतीने लिहायचे, आणि 'ळ' शिफ्टसह एन या कळीवर आहे. ज्यांना इंग्रजी उच्चारावरूनच लिहायचे आहे त्यांच्यासाठी विंडोजमध्ये मराठी फोनेटिक कीबोर्डही आहे. पण शाळेतल्या मुलांना मी इन्स्क्रिप्टच शिकवावा असे म्हणेन.

तीच नावे, तेच गट क्रमांक पुन्हापुन्हा भरावे लागत असतील तर विंडोज कळ आणि व्ही दाबावी. पहिल्यांदा तो परवानगी विचारतो; त्यानंतर कॉपी केलेल्या मागच्या गोष्टींची यादी समोर येते आणि हवी ती निवडता येते. संगणक बंद केल्यावर ही यादी पुसली जाते, फक्त पिन करून ठेवलेल्या नोंदी राहतात. दुसऱ्याचा आधार क्रमांक कॉपी केला असेल तर काम झाल्यावर ती यादी आठवणीने साफ करावी.

राहिला विंडोज दहाचा प्रश्न. त्याला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारी नेहमीची अपडेट 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपली आणि विंडोज अकराला टीपीएम 2.0 ही सुरक्षा सोय व तुलनेने नवा प्रोसेसर लागतो, त्यामुळे गावातली बरीच यंत्रे अधांतरी राहिली आहेत. अशा यंत्रावर विंडोजऐवजी चालणाऱ्या लिनक्स मिंट या फुकट प्रणालीची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती चार जीबी रॅममध्ये चांगली चालते, त्यातही मराठी इन्स्क्रिप्ट आहे, आणि काहीही न पुसता ती आधी पेन ड्राइव्हवरून चालवून पाहता येते. तसे चालवतानाच आपला प्रिंटर, बोटाचे ठसे घेणारे यंत्र आणि डिजिटल सहीची टोकन त्यावर ओळखली जातात का, हे तपासून घ्यावे. त्यांतले एकही अडत असेल तर त्या कामापुरते विंडोजचे यंत्र वेगळे ठेवावे आणि मिंट मुलांच्या अभ्यासाला व घरच्या हिशेबाला द्यावे.