रात्री साडेदहाची 'तातडीची माहिती'

मोबाइल आवरायचा असे ठरवल्यावर यूट्यूब आणि इन्स्टाग्राम सुटायला फारसे कष्ट पडले नाहीत. अँड्रॉइडच्या 'डिजिटल वेलबीइंग'मध्ये प्रत्येक ॲपला रोजची मर्यादा घालता येते. ती संपली की ॲपचे चिन्ह करडे पडते आणि मध्यरात्रीपर्यंत ते उघडत नाही. मर्यादा आपली आपल्याला वाढवता येते हे खरे, पण ती वाढवायला सेटिंगमध्ये शिरताना लाज वाटते आणि मला तेवढा धाक पुरला. सुटेना तो कार्यालयाचा व्हॉट्सॲप गट.

मी रत्नागिरी जिल्ह्यात खाडीकाठच्या एका वाडीतील जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका आहे. आमच्याकडे सगळ्या सूचना गटावरच येतात आणि 'तातडीची माहिती' हटकून रात्री जेवणे आटोपल्यावर येते. यू-डायस प्लस या शाळांच्या माहितीच्या सरकारी पोर्टलवर आधीच भरलेली पटसंख्या नव्या तक्त्यात घालून सकाळी दहाच्या आत पुन्हा हवी असते. त्या संदेशाखाली 'ओके सर', 'होय सर' आणि जोडलेल्या हातांची इतकी रांग लागते की मूळ तक्ता शोधता शोधता अंगठा दुखतो. पावसाळ्यात वीज गेली की काही वेळाने टॉवरची बॅटरीही संपते, मग रेंजसाठी सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या पठारावर, चढावे लागते. गट म्यूट करावा, तर सकाळी 'माहिती अप्राप्त शाळा' या यादीत आपले नाव झळकते. अशा स्थितीत फोन उशाशी ठेवू नये, हा सल्ला ऐकायला बरा वाटतो.

गटावर फक्त ॲडमिनने लिहावे, अशी सोय व्हॉट्सॲपमध्ये 2018 पासून आहे. ती सुरू करावी, असे मी शिक्षण परिषदेत, म्हणजे आसपासच्या शाळांतील शिक्षकांच्या बैठकीत, सुचवले. "मग सूचना पोहोचली हे आम्हाला कसे कळणार, मॅडम?" असे उत्तर मिळाले. पाठवलेला संदेश दाबून धरून माहिती उघडली की तो कोणी वाचला याची यादी दिसते, हे मी तिथल्या तिथे माझ्या फोनवर दाखवले. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि विषय पुढच्या बैठकीवर गेला. पुढच्या बैठकीत तो निघालाच नाही. शेवटी लेखी अर्ज दिला. दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरल्यानंतर केव्हातरी निव्वळ सूचनांसाठी वेगळा गट निघाला. जुना गट मी त्याच दिवशी अर्काइव्ह केला. कोणी आपला उल्लेख केला किंवा आपल्या संदेशाला उत्तर दिले, तरच तिथला संदेश आल्याचे फोन कळवतो.

रात्रीचे संदेश थांबलेले नाहीत, पण ते मी सकाळी चहा झाल्यावर पाहते. रात्री फोन माजघरात चार्जिंगला असतो आणि गजरासाठी साधे घड्याळ आणले आहे. 'डू नॉट डिस्टर्ब'मध्ये घरच्यांचे आणि केंद्रप्रमुखांचे (आसपासच्या शाळांवर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्यांचे) क्रमांक वगळले आहेत. इतर कोणत्याही एकाच क्रमांकावरून 15 मिनिटांत दुसऱ्यांदा कॉल आला तर तो वाजू देण्याचीही सोय त्यात आहे, ती सुरू ठेवावी. खरोखर निकड असली की माणसे फोनच करतात. अतिवृष्टीमुळे शाळांना सुट्टी जाहीर झाली, तेव्हा केंद्रप्रमुखांचा फोन रात्री व्यवस्थित वाजला.

गटातील फोटो आपोआप उतरणे बंद करावे, हे आधीच सांगायला हवे होते. आणि असा अर्ज करणार असाल तर आवक क्रमांक घालून पोच घ्या; शिक्षण परिषदेतले माझे बोलणे इतिवृत्तात आलेच नव्हते.