नागपुरात रोजच्या वापरासाठी सायकल घेताना: माझा अनुभव

प्रताप नगरातली माझी खोली ते अमरावती रोडवरचा विद्यापीठाचा कॅम्पस हे अंतर चार-पाच किलोमीटरचं. एम.एस्सी.ला प्रवेश मिळाला तेव्हा पहिला प्रश्न जाण्यायेण्याचा होता. रोज ऑटो करायचा तर मेसच्या पैशांना हात लागतो आणि बसच्या वेळा माझ्या प्रॅक्टिकलच्या वेळांशी जुळत नव्हत्या. बाबा आर्वीहून फोनवर म्हणत होते, "हप्त्यावर स्कूटी घेऊन देतो ना, सगळ्याच पोरी चालवतात तिकडं." मला हप्ता नको होता, पेट्रोलचा खर्चही नको होता, आणि मला सायकल चालवायला मनापासून आवडते. बाबांना हे पटायला थोडा वेळ लागला, पण पटलं.

सायकल घ्यायची म्हटल्यावर सल्ल्यांचा पाऊस पडला. रूममेट म्हणाली डिस्क ब्रेक हवेच. वर्गातला एक मित्र म्हणाला, एकवीस गिअरशिवाय घेऊच नको. आणखी कुणी म्हणे सस्पेन्शन बघ, कुणी म्हणे रंग बघ. मी दुकानात जायच्या आधी चौकातल्या कडुनिंबाखाली बसणाऱ्या सायकल मिस्त्रींकडे गेले. हाच क्रम ठेवा, असं मी आता प्रत्येकाला सांगते. दुकानदार सायकल एकदा विकतो, मिस्त्री तीच सायकल वर्षानुवर्षं उघडून बघतो.

मी विचारलं, "काका, तुमच्याकडे सगळ्यात जास्त कोणत्या सायकली येतात?" त्यांनी बाजूला उभ्या असलेल्या सस्पेन्शनवाल्या सायकलींकडे बोट केलं आणि म्हणाले, "पाह्य बेटा, फ्रेम, चाकाचा साइज आन् ब्रेकची जागा, हे तीन मंग बदलत नाई. बाकी सारं मी बदलून देतो. तू हे तीन आधी पाह्य."

मला पूर्ण प्रक्रियेत मिळालेला सगळ्यात कामाचा सल्ला हाच. त्यानंतर प्रत्येक सायकलीसमोर मी एकच विचारायचे: यातलं काय मला पुढे बदलता येणार नाही?

सुरुवात फ्रेमपासून केली. दांडीवाली सायकल असेल तर दोन्ही पाय जमिनीवर टेकवून दांडीच्या वर उभं राहायचं. अंग आणि दांडी यांच्यात दोन-तीन बोटांची जागा उरली पाहिजे. मला सलवार-कुर्ता घालून, मागे पुस्तकांचं ओझं बांधून चढायचं-उतरायचं असल्यामुळे मी खाली वाकलेल्या दांडीची फ्रेम निवडली. मागे सामान असताना पाय वरून फिरवून चढणं कठीण जातं, म्हणून ही फ्रेम मुलांनाही सोयीची आहे. अडचण अशी की या सायकली बऱ्याचदा एकाच मापात मिळतात, आणि उंच माणसाचा गुडघा हँडलला लागतो. त्यामुळे बसून, चालवून बघितल्याशिवाय ठरवू नये. सीटची उंची ठरवायची सोपी रीत मिस्त्रीकाकांनी दाखवली: पायडल सगळ्यात खाली असताना टाच त्यावर ठेवली की पाय सरळ व्हावा. मग चालवताना चवड्यानं पायडल मारलं की गुडघा हवा तेवढाच वाकतो. सीटच्या नळीवर एक रेघ कोरलेली असते, ती फ्रेमच्या बाहेर दिसेपर्यंत सीट वर ओढायची नाही. तेवढी ओढावी लागत असेल तर ती फ्रेम आपल्या मापाची नाही.

चाकाचा विषय मला वाटला होता त्यापेक्षा खोल निघाला. टायरवर "२६" लिहिलेलं असलं म्हणजे सगळे २६ एकच, असं नसतं. २६ × १ ३/८ हा टायर ५९० मिलिमीटरच्या रिमवर बसतो, तर माउंटन सायकलींचा २६ × १.९५ हा ५५९ च्या रिमवर. एकाचा टायर दुसऱ्याला लागत नाही. तसंच जुन्या काळ्या सायकलींचा २८ × १ १/२ हा ६३५ चा असतो आणि हल्लीच्या हायब्रिड सायकलींचा ७००सी हा ६२२ चा. टायरच्या बाजूला ५०-५५९ किंवा ३७-५९० असे आकडे उमटवलेले असतात; पहिला टायरची रुंदी, दुसरा रिमचं माप. मी हे आकडे वहीत लिहून मिस्त्रीकाकांना विचारलं, कोणता टायर आणि ट्यूब इथं बाराही महिने मिळते? त्यांनी ५५९ आणि ५९० दोन्हींवर बोट ठेवलं.

त्यातून ५५९ निवडायचं कारण आपले रस्ते. नागपुरात आता जिकडेतिकडे सिमेंट रोड आहेत आणि त्यांच्या कडेला गट्टू, म्हणजे पेव्हर ब्लॉक. सिमेंटची कड आणि गट्टू यांच्यात अनेक ठिकाणी चांगली बोटभर उंचीची पायरी किंवा फट असते, आणि सायकलवाल्याची जागा नेमकी त्या कडेला. बारीक टायर त्या फटीला समांतर गेला की चाक अडकतं आणि माणूस थेट गाड्यांच्या गर्दीत पडतो. पावणेदोन-दोन इंच रुंद टायर तिथून निभावून नेतो. तरीही ती कड ओलांडताना हँडल थोडं तिरपं करूनच ओलांडायची, हे मी नव्यानं सायकल चालवणाऱ्या प्रत्येकाला हात धरून सांगेन. नागपुरात दुचाकींची गर्दी इतकी असते की तोल सावरायला शेजारी मोकळी जागा मिळेल, हे गृहीत धरता येत नाही.

ब्रेकच्या बाबतीत मी डिस्क घेतली नाही. डिस्क ब्रेक पावसात चांगला लागतो, यात शंका नाही. पण स्वस्त सायकलीवरची डिस्क सायकल-स्टँडवर ढकलाढकलीत वाकते, मग घासत राहते, आणि तिचे पॅड चौकातल्या मिस्त्रीकडे नसतात. व्ही-ब्रेक, म्हणजे दुकानात ज्याला पॉवर ब्रेक म्हणतात, त्याचे रबर कुठेही मिळतात आणि ते स्वतःलाही बदलता येतात. फक्त एक अट: रिम अलॉयची, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमची हवी. चकचकीत स्टीलच्या रिमवर पावसात रबर घसरतं आणि सायकल थांबायला खूप जास्त अंतर घेते. जून ते सप्टेंबर सायकल चालवायची असेल तर ही अट सोडू नका. चुंबक खिशात ठेवला की दुकानातच कळतं. स्टीलला चिकटतो, अलॉयला नाही.

सस्पेन्शनचं लवकर आटोपते. सात-आठ हजारांच्या सायकलीतलं पुढचं सस्पेन्शन म्हणजे मुख्यतः वाढलेलं वजन. उभं राहून पायडल मारलं की ते खालीवर होतं, आपली शक्ती त्यात जाते, आणि बिघडलं की दुरुस्त होत नाही. रुंद टायर आणि त्यात योग्य हवा, एवढ्यानं रोजचे धक्के पुरेसे शोषले जातात.

गिअरवर मात्र मी बराच विचार केला. पहाटे फुटाळा, सेमिनरी हिल्स भागात गिअरच्या देखण्या सायकलींवर लोक सुसाट जाताना दिसतात आणि आपल्यालाही तसंच वाटायला लागतं. नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ साली 'रेस अक्रॉस अमेरिका' ही सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत एकट्यानं, बारा दिवसांच्या आत पूर्ण केली. आपल्या गावच्या माणसाचं हे काम मला फार मोठं वाटतं. पण मला जायचं होतं बजाज नगर, एलएडी चौक, शंकर नगर, राम नगर करत वर्गात. या रस्त्याला सेमिनरी हिल्ससारखा चढ नाही. मी हिशोब मांडला. चेनच्या पुढच्या दातेरी चाकाला ४४ दात, मागच्याला १८ दात आणि २६ चं चाक असेल तर एका पायडलात सायकल साधारण पाच मीटर जाते. मिनिटाला साठ पायडल मारले तर ताशी १८ किलोमीटर. गर्दीच्या रस्त्यावर याहून जास्त वेग लागत नाही. मागे १८ ऐवजी २० दातांचं फ्रीव्हील (मागचं दातेरी चाक) टाकलं तर वेग ताशी १६ च्या आसपास येतो, पण उड्डाणपूल चढताना आणि समोरून वारा असताना पाय भरून येत नाहीत. फ्रीव्हील बदलता येतं, म्हणजे ते मिस्त्रीकाकांच्या 'बाकी सारं'मध्ये बसतं. मी बिनगिअरची घ्यायचं ठरवलं. ज्यांचं कॉलेज चढावर आहे किंवा ज्यांना रोज पंधरा-वीस किलोमीटर जायचं आहे, त्यांनी मागे सहा-सात गिअर जरूर घ्यावेत. पुढे एकच दातेरी चाक पुरे.

मधल्या काळात जुन्या सायकलीही बघितल्या. परीक्षा संपल्या की शिक्षण संपवून जाणारी मुलं सायकली विकतात, तेव्हा बऱ्या किमतीत मिळतात. बघायचं कसं, तेही लिहून ठेवते. पुढचा ब्रेक दाबून सायकल मागेपुढे हलवायची. हँडलच्या बुडाशी टकटक झाली तर तिथल्या वाट्या-छर्रे गेलेत. क्रँक, म्हणजे पायडलचा दांडा, धरून आडवा हलवायचा, हलायला नको. चाक उचलून फिरवायचं आणि ब्रेकच्या रबरापासून रिमचं अंतर सारखं राहतं का ते बघायचं. फ्रेमचे सगळे जोड बोटानं चाचपायचे. रंगाला केसासारखी रेघ किंवा फुगवटा असेल तर ती सायकल सोडायची. चेनला पट्टी लावायची: पिनेच्या मध्यापासून चोवीस कड्या मोजल्या तर नव्या चेनमध्ये बरोबर १२ इंच भरतात, आणि एक अष्टमांश इंच जास्त भरले तर चेनसोबत फ्रीव्हीलचाही खर्च धरायचा. आणि सीट वरखाली करून बघायची. मला आवडलेल्या एका सायकलीची सीटची नळी गंजून फ्रेममध्ये पक्की बसली होती, म्हणून ती सोडली. जी सीट हलत नाही ती सायकल फक्त आधीच्या मालकाच्या उंचीची.

शेवटी नवीच घेतली. बर्डीवर आणि महालात फिरले. एका दुकानात मला सायकल चालवून बघूच देईनात, तिथून लगेच निघाले. दुसरीकडे काउंटरवरच्या भाऊंनी स्वतः हवा भरून दिली आणि "गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन या ताई" म्हणाले. हात सोडून सायकल सरळ जाते का, ब्रेक दाबल्यावर हँडल एका बाजूला ओढतं का, हे गल्लीतच कळलं. बिल मात्र पक्कं घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलीवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे, तो बिलावर तपासा, आणि फ्रेमचा नंबर बिलावर लिहून घ्या. हा नंबर बहुधा क्रँकच्या खाली, फ्रेमच्या पोटावर असतो. सायकल उलटी करून त्याचा फोटो काढून ठेवा. चोरी झाली तर तक्रार देताना सायकल आपलीच असल्याचा हाच पुरावा.

फ्रीव्हील बदलून, कॅरिअर, दोन्ही मडगार्ड, चेन कव्हर, ओढणी अडकू नये म्हणून मागच्या चाकाची जाळी, पुढचा-मागचा दिवा आणि कुलूप धरून सगळं नऊ हजारांच्या आत बसलं. कुलपावर मी पैसे वाचवले नाहीत. बारीक केबलची कुलपं कटरनं क्षणात कापली जातात. मी यू आकाराचं जाड कुलूप घेतलं आणि ते फ्रेममधून घालून पक्क्या खांबाला लावते. नुसतं चाक बांधलं तर चाक तिथं राहतं आणि बाकीची सायकल जाते.

उन्हाळ्याबद्दल बरेच जण विचारतात. मे महिन्यात ४५ अंशांत टायर फुटेल या भीतीनं लोक हवा कमी भरतात. गणित बघितलं तर ५० पीएसआयच्या टायरमध्ये तापमान वीस अंशांनी वाढलं की दाब चारेक पीएसआयनं वाढतो, चांगल्या टायरला तो काहीच नाही. उलट कमी हवेत खड्ड्यावर ट्यूब रिमखाली चिमटली जाते आणि दोन भोकं पडतात. टायरचा खरा शत्रू ऊन आहे; तासन्‌तास उन्हात उभ्या सायकलीच्या टायरला बाजूनं बारीक चिरा पडतात. म्हणून जागा शोधताना पाच मिनिटं जास्त गेली तरी चालतील, पण मी सावलीतच लावते. दूर जायचं असेल किंवा ऊन फारच असेल तेव्हा मेट्रोचाही उपयोग होतो. नागपूर मेट्रोत सायकल आत नेता येते, ही सोय विद्यार्थ्यांनी खरंच वापरायला हवी.

महिनाभरानं मिस्त्रीकाकांकडे परत नेली, कारण नव्या चाकाच्या तारा सुरुवातीच्या वापरात सैल पडतात आणि ब्रेकच्या वायरी ताणल्या जातात. त्यांनी एकेक तार बोटानं वाजवून बघितली, मागच्या चाकाच्या चार-पाच तारा आवळल्या, नटबोल्ट कसले आणि चेनला तेल लावून वरचं फडक्यानं पुसून काढलं. वरती तेल राहिलं की सिमेंट रोडची धूळ त्यात बसते आणि चेन लवकर झिजते.

आता विभागातल्या एका ज्युनिअरला सायकल घ्यायची आहे. येत्या रविवारी आम्ही दोघी निघणार आहोत. तिची उंची पाच फुटांहून कमी आहे, त्यामुळे २६ च्या आधी २४ च्या चाकाच्या फ्रेमवर बसवून बघू, आणि त्या मापाचा टायर काकांकडे असतो का ते शनिवारीच विचारून ठेवते.