म्युनिकमधली तीन बोटं

पॅरिस ऑलिंपिक संपून महिना झाला होता. म्युनिकला दोन दिवस हाताशी होते आणि त्यातला एक मी ऑलिंपिक स्टेडियमसाठी आधीच राखून ठेवला होता. यू-३ मेट्रोने ऑलिंपियात्सेन्ट्रुमला उतरून चालत निघाले. स्टेडियम अर्धंअधिक जमिनीत उतरलेलं आहे, त्यामुळे लांबून दिसतं ते फक्त तंबूसारखं ताणलेलं पारदर्शक छत. तिकीट काढून आत गेलं की हिरव्या खुर्च्यांची उतरंड आणि खाली मैदान.

मी सरळ अंतिम रेषेच्या बाजूला जाऊन बसले. जर्मनीची धावपटू गीना ल्युकेनकेम्पर इथेच पडली होती.

१६ ऑगस्ट २०२२ ची रात्र. त्याच रात्री जर्मनीच्याच निक्लास काउलने डेकॅथलॉन (दहा मैदानी प्रकारांची स्पर्धा) जिंकली होती आणि स्टेडियम आधीच पेटलेलं होतं. युरोपियन स्पर्धेची शंभर मीटरची अंतिम शर्यत. गीना आणि स्वित्झर्लंडची मुजिंगा कांबुंजी, दोघींची वेळ १०.९९. गीनाने छाती पुढे झोकली, तोल गेला आणि रेषा ओलांडताच ती ट्रॅकवर आपटली. डावा गुडघा फाटला. सुवर्ण तिचंच, फरक पाच हजारांश सेकंद. त्या वेगात तो जेमतेम पाच सेंटिमीटर होतो. मी कठड्यावर तीन बोटं जोडून ठेवली आणि बराच वेळ बघत राहिले.

शाळेत मी चुन्याने आखलेल्या मातीच्या ट्रॅकवर धावायचे. पडल्यावर गुडघ्यात खडी रुतते, आणि दुसऱ्या दिवशी पाय वाकवताना खपली तडकते. गीनाला आठ टाके पडले होते. तरी पाचव्या दिवशी, २१ ऑगस्टला, ती ४ x १०० मीटर रिलेत तिसरा टप्पा धावली आणि जर्मनीने ४२.३४ सेकंदांत सुवर्ण घेतलं. वळणावर त्या गुडघ्याने काय सोसलं असेल, हे आठवून आजही माझ्या पायात कळ येते.

ती १९९६ साली हाम शहरात जन्मली. २०१७ मध्ये लंडनच्या जागतिक स्पर्धेत शंभर मीटरच्या प्राथमिक फेरीतच १०.९५ धावली. १९९१ नंतर ११ सेकंदांच्या आत आलेली ती पहिली जर्मन महिला. मला ही वेळ फार मोलाची वाटते, कारण जर्मनीचा राष्ट्रीय विक्रम अजून १९८३ चा आहे, १०.८१, आणि पूर्व जर्मनीच्या त्या काळातल्या आकड्यांवर सरकारी डोपिंगची सावली पडलेली आहे. २०१८ ला बर्लिनच्या युरोपियन स्पर्धेत रौप्य. शर्यतीआधी ती नऊ व्होल्टच्या बॅटरीला जीभ लावायची, तेही तेव्हाच गाजलं. पुढे सरावासाठी ती फ्लोरिडाला जाऊ लागली.

याच स्टेडियमवर १९७२ च्या ऑलिंपिकमध्ये पूर्व जर्मनीच्या रेनाटे श्टेखरने १०० आणि २०० मीटर, दोन्ही जिंकल्या. रिलेत मात्र शेवटच्या टप्प्यावर हाइडे रोझेंडाल तिच्या पुढे राहिली आणि पश्चिम जर्मनीने पूर्व जर्मनीला हरवलं. दोन देश, दोन बॅटन.

दुपारी ऑलिंपियाबेर्ग चढले. ही टेकडी महायुद्धात पडलेल्या घरांच्या ढिगाऱ्यांची. आता तिच्यावर गवत आहे, लोक डबे उघडून बसतात. वरून मला पॅरिसची पावसातली रिले आठवली. बुर्गहार्ट, मायर, गीना, हाझे. म्युनिकमधल्याच चौघी, त्याच क्रमाने. ४१.९७, कांस्य. गीनाचं हे पहिलं ऑलिंपिक पदक. त्या रात्री मी टीव्हीसमोर उभीच होते, तिसऱ्या हातातून चौथ्या हातात बॅटन जाईपर्यंत.