गडावर पाणी कुठलं?

इटलीतल्या डोंगरमाथ्यावरच्या माँटेपुलचानोत दुपारी तीनला गाव दारं लावून घेतं. आम्ही पोटभर पिची खाऊन, म्हणजे त्या हातानं वळलेल्या जाड शेवया खाऊन, वरच्या चौकातल्या विहिरीच्या पायरीवर बसलो होतो. विहिरीच्या माथ्यावर दोन सिंह आणि दोन ग्रिफिन, म्हणजे गरुडाच्या तोंडाचे आणि सिंहाच्या धडाचे प्राणी, शेजारी माझा नवरा, घोरायच्या बेतात. तेवढ्यात चढावरून एक ॲपे फटफटत आली. आपल्याकडची तीच ती ॲपे, पियाजिओची. हिचं माहेर ह्याच टस्कनीतलं पोन्तेदेरा आणि सासर बारामती. हौद्यात पाण्याच्या बाटल्यांची खोकी रचलेली. एका बंद हॉटेलच्या दाराशी पोऱ्यानं ती धाडधाड उतरवली आणि गाडी उताराला लागली.

मी नवऱ्याला हलवलं. "अरे, एवढ्या उंचावर ह्यांना पाणी कुठून मिळत असेल रे? पूर्वी, म्हणजे नळ नव्हते तेव्हा?"

"आलं का तुझं पाणी," एवढं म्हणून त्यानं टोपी डोळ्यांवर ओढली.

ही खोड बाबांची. कोल्हापूरच्या माणसाला पन्हाळा म्हणजे अंगणच. पाहुणे आले की चला पन्हाळ्यावर. बाकीची मंडळी सज्जाकोठीपाशी फोटो काढत, भजी शोधत, आणि बाबा मला घेऊन अंधारबावीकडे वळत. मे महिन्यातल्या उन्हातून आत शिरलं की डोळ्यांपुढे काही क्षण काळंकुट्ट. मग हळूहळू पायऱ्या दिसायच्या, भिंतीतला कोनाडा दिसायचा. गारवा आणि वटवाघळांचा उग्र वास. बाबा खालच्या मजल्यावर खडा टाकत आणि बोट वर करून थांबत. डुबुक असा आवाज आला की त्यांना बरं वाटे. आहे अजून पाणी! जणू आम्हालाच तिथे वेढ्यात राहायचं होतं. शत्रूनं पाण्यात विष कालवू नये म्हणून विहीरच तीन मजली इमारतीच्या पोटात लपवलेली. १६६० मध्ये सिद्दी जौहर चार महिन्यांहून जास्त ह्या गडाला वेढा घालून बसला होता. सुटकेची गोष्ट सगळ्यांनाच पाठ असते. बाबांचा प्रश्न वेगळा असे: ते चार महिने वरची माणसं आणि घोडी काय प्यायली असतील? लढाया त्यांना फारशा सांगता येत नसत. टाकी मात्र सिंहगडच्या देवटाक्यापासून रायगडच्या गंगासागरापर्यंत सगळी तोंडपाठ.

तेव्हा इटलीतली डोंगरमाथ्यावरची गावं बघत फिरायचं ठरलं, तेव्हा लोकांनी द्राक्षमळे आणि सुरूची झाडं डोळ्यांपुढे आणली असतील. मला आपले गडच दिसत होते. फरक एवढाच की आपल्या बहुतेक गडांवरची माणसं खाली उतरली आणि ही उतरलीच नाहीत. तटाला वाळत घातलेल्या चादरी, बुरुजात केशकर्तनालय. खिडकीत गुडघ्यांवर उशी ठेवून बसलेली आजी. हे बघून मला हेवा वाटतो, खोटं कशाला बोलू.

नवऱ्याची काळजी वेगळी. ह्या गावांच्या वेशीवर लाल गोलाची पाटी असते, तिच्या पुढे परवानगीशिवाय गाडी न्यायची नाही. अडवायला कोणी नसतं. कॅमेरा असतो, आणि दंडाची चिठ्ठी कित्येक महिन्यांनी घरी येते म्हणे. त्यामुळे लाल रंगाचं काहीही दिसलं, अगदी जेरेनियमची कुंडी दिसली तरी हा ब्रेक दाबायचा. गाडी लावायला पांढऱ्या रेघा फुकट, निळ्या पैसे देऊन, पिवळ्या गावकऱ्यांच्या, हे तो झोपेतही म्हणत असावा. डावं-उजवं तर विचारूच नका, इथे सगळंच आपल्या उलट. वळायचं असलं की इंडिकेटरऐवजी वायपर सुरू व्हायचे, लख्ख उन्हात. पण आम्हाला घाई नव्हती. मागच्या गाडीवाल्याला असेल तर असो.

त्याआधी सान जिमिन्यानो झालं होतं. तिथे मोठ्या घराण्यांनी एकमेकांवर कुरघोडी करायला मनोरे बांधले. एके काळी सत्तरच्या वर होते, आता चौदा उरलेत. सगळे माना वर करून मनोरे बघतात. मी चौकाच्या मधोमध गेले, कारण त्या चौकाचं नावच मुळी टाक्यावरून पडलंय. १२७३ सालची विहीर, अष्टकोनी काठाची. काठाच्या दगडाला दोर घासून घासून खोल खाचा पडल्यात. मी एका खाचेत बोट घालून बघितलं. पेर बुडेल एवढी खोल आणि आतून गुळगुळीत. हे मनोरेवाल्यांच्या हातचं काम नव्हे. मनोरे कोणत्या घराण्याचे ते लिहून ठेवलेलं असतं.

पण खरी विहीर ओर्व्हिएतोची. गाव ज्वालामुखीच्या दगडाच्या उभ्या कड्यावर बसलंय. १५२७ मध्ये बादशहा पाचव्या चार्ल्सच्या सैन्यानं रोम लुटलं, तेव्हा पोप सातवा क्लेमेंट वेषांतर करून निसटला तो इथे येऊन राहिला. वर आल्यावर त्याला बाबांचाच प्रश्न पडला: वेढा पडला तर पाणी? त्यानं सान्गाल्लो नावाच्या वास्तुकाराला कामाला लावलं. सुमारे ५३ मीटर खोल विहीर, आणि तिच्याभोवती भिंतीतून गरगर उतरणारे दोन जिने, एकमेकांना कुठेही न भेटणारे. प्रत्येकाला २४८ पायऱ्या, रुंद आणि बुटक्या, कारण त्या खेचरांसाठी आहेत. एका जिन्यानं रिकामी खेचरं खाली जात, तळाशी छोट्या पुलावरून पलीकडे होत आणि पाणी लादून दुसऱ्या जिन्यानं वर येत. चढणारं आणि उतरणारं जनावर समोरासमोर यायचा प्रश्नच नाही. आपल्या घाटातल्या ट्रकवाल्यांना एकदा दाखवून आणलं पाहिजे.

नवरा पट्ट्यापट्ट्यांचं कॅथेड्रल बघायला गेला होता. तेही १२९० मध्ये सुरू झालेलं आहे, सुंदर आहे, बघावं. मी विहिरीत उतरले. जिन्याला विहिरीच्या बाजूनं खिडक्या आहेत, एकूण ७०. खिडकीतून पलीकडच्या जिन्यावरची माणसं दिसतात. एक लहान मुलगी समोरून मला हात करायची; मी खाली जात होते, ती वर. तळाशी हिरवट पाणी आणि त्यात लोकांनी टाकलेली नाणी. मी नाणं टाकलं नाही. खडा शोधत होते, पण जमीन कशी झाडून स्वच्छ! विहीर पुरी झाली १५३७ साली. क्लेमेंट त्याच्या तीन वर्षं आधीच वारला होता.

तिथून चिव्हिता दि बान्योरेज्यो जवळच. संत बोनाव्हेंतुराचं गाव. लोक त्याला मरणारं गाव म्हणतात आणि ते बघायला २०१३ पासून तिकीट काढावं लागतं. मरणाला तिकीट लावणं मला काही आवडलं नाही, पण काढलं. सुमारे ३०० मीटरचा पादचारी पूल, १९६५ सालचा, हीच गावाची वाट. वर दगड, खाली चिकणमाती. दोन्ही अंगांनी ओढे, आणि वरून पाऊस. माती धुपते, दगड अधांतरी होतो, मग कधीतरी कडा सुटतो आणि त्याबरोबर घरंही. बारमाही राहणारी डझनभर माणसं उरलीत. पाणी वर कसं आणायचं ह्याची तरतूद माणसांनी शतकानुशतकं केली, ते खालून काय करतंय त्यावर मात्र फारसा इलाज चालला नाही. पुलावर नवरा थांबला, दोन्हीकडच्या घळी बघितल्या. "विशाळगडाकडं परवा दरड आली ती अशीच काय गं?" मला सांगता आलं नाही.

गाडीत बसल्यावर म्हणाला, "आता तोदी. तिथं तरी नुसतं आइस्क्रीम खाऊ."

"तोदीच्या चौकाखाली रोमन काळातली टाकी आहेत," मी म्हटलं.

त्यानं काही न बोलता वायपर लावले आणि डावीकडे वळला.