अणुभट्टीच्या आधी एसएफ-८६: अमेरिकी नौदलातला माझा अनुभव

न्यूक, म्हणजे नौदलात अणुभट्टी चालवणारा, व्हायचंय म्हणून आपल्या मराठी मुलांचे फोन येतात, तेव्हा सगळे गणित आणि फिजिक्सचं विचारतात. एसएफ-८६ या सुरक्षा तपासणीच्या फॉर्मचं कुणीच विचारत नाही. माझा खरा जीव त्या फॉर्मनेच काढला.

साउथ कॅरोलिनातल्या गूज क्रीकला इलेक्ट्रिशियन्स मेटचं, म्हणजे नौदलातल्या वीजतंत्र्याचं, 'ए स्कूल' हे पहिलं प्रशिक्षण सुरळीत झालं. पुढच्या पॉवर स्कूलचा, म्हणजे अणुभट्टीची थिअरी शिकवणाऱ्या शाळेचा, बराच अभ्यास गोपनीय, त्यामुळे सिक्युरिटी क्लिअरन्स (गोपनीय माहिती बघायची परवानगी) हवा, आणि त्यासाठीच हा फॉर्म. बरोबरची मुलं वर्गात बसली आणि मी होल्डवर, क्लिअरन्सची वाट बघत. फरशा पुसायच्या, पहारे द्यायचे, रोज चौकशी करायची. उत्तर ठरलेलं: "प्रोसेसमध्ये आहे."

घोडं अडलं ते नातेवाइकांपाशी. गेल्या ७ वर्षांत ज्या परदेशी नागरिकांशी जवळचा संबंध आहे, त्या प्रत्येकाची जन्मतारीख, पत्ता, नोकरी, सगळं लिहावं लागतं. माझी आजी, मामा, मावश्या सांगली जिल्ह्यात. आजीची जन्मतारीख १ जून, मामाचीही १ जून! शाळेत नाव घालताना गुरुजींनी लावलेली तारीख, हे आपल्यात कुणाला सांगावं लागत नाही. तपास अधिकाऱ्याला मात्र त्यात काहीतरी काळंबेरं दिसलं. पत्ता काय, तर 'मारुती मंदिरामागे'. घर नंबर कुठून आणू? त्यात मामा झेडपीच्या शाळेत शिक्षक, म्हणजे परदेशी सरकारचा नोकर. एकाला हे सगळं समजावून होतंय तोवर फाईल दुसऱ्याकडे गेली, की पुन्हा पहिल्यापासून. आजही आठवलं की संताप होतो.

म्हणून सांगतो, रिक्रूटरकडे जाण्याआधीच ही यादी बनवा. १ जूनचा खुलासा फॉर्मच्या शेऱ्यातच लिहून टाका. भारतवाऱ्यांच्या तारखा पासपोर्टच्या शिक्क्यांवरून काढा, स्वतःचे १० वर्षांचे पत्तेही लागतात.

पॉवर स्कूल सहा महिन्यांचं. ४ पैकी २.५ ला पास. वह्या इमारतीबाहेर नेता येत नाहीत, त्यामुळे अभ्यास तिथेच बसून. मग प्रोटोटाइप, म्हणजे प्रत्यक्ष सराव: धक्क्याला बांधलेल्या जुन्या पाणबुडीत खरीखुरी चालू अणुभट्टी, बारा-बारा तासांच्या पाळ्या, प्रत्येक यंत्रणेची तोंडी परीक्षा आणि सही. टर्बाइन जनरेटर पहिल्यांदा लाइनवर घेतला, म्हणजे चालू वीजपुरवठ्याला जोडला, तेव्हा दोन्हींचा ताल जुळला का ते दाखवणाऱ्या सिंक्रोस्कोपचा काटा हळूहळू बाराकडे सरकत होता. काटा बारावर येण्याच्या अगदी क्षणभर आधी ब्रेकर लावला, दिवे जराही लुकलुकले नाहीत. त्या दिवशी छाती फुगली होती माझी.

आणि हो, ग्रीन कार्डावर नौदलात भरती होता येतं, पण न्यूकसाठी नागरिकत्वच लागतं. ते हातात आल्याशिवाय भरतीची तारीख घेऊ नका.