अतिनील टॉर्चखालचे विंचू : तिसऱ्या महिन्याच्या नोंदी

हिंगणा मार्गावरील आमच्या शेताच्या दगडी बांधावर रात्रीची निरीक्षणे सुरू केली, त्याला आता तीन महिने झाले. अतिनील उजेडात विंचू हिरवा चमकतो. जूनमध्ये घेतलेला ३९५ नॅनोमीटर तरंगलांबीचा स्वस्त टॉर्च मी बाजूला ठेवला आहे, कारण त्याच्या जांभळ्या उजेडात विंचवाची हिरवी चमक हरवून जात असे. ३६५ नॅनोमीटरच्या टॉर्चने मात्र तो आठ-दहा पावलांवरूनही ओळखू येतो. नुकतीच कात टाकलेला विंचू चमकत नाही, कवच टणक होत जाईल तशी चमक येते. त्यामुळे जेवढे दिसले तेवढेच विंचू होते, असे कोणीही नोंदवहीत लिहू नये, अशी विनंती आहे.

या महिन्याची सर्वांत मोलाची नोंद १४ ऑगस्टची आहे. पावसाने उघडीप दिली होती आणि ज्याला जुनी माणसे इंगळी म्हणतात, असा एक मोठा काळा विंचू बिळाच्या तोंडाशी बसला होता. नऊ वाजून दहा मिनिटांनी एक झुरळ जवळून गेले, विंचवाने ते पुढच्या पकडींत धरले आणि चिरडले. डंखाची नांगी अखेरपर्यंत उचललीच नाही. पुढचे अडीच तास मी तेथेच बसून होतो. विंचवाला घास गिळता येत नाही. तोंडापाशी असलेल्या चिमट्यासारख्या लहान अवयवांनी तो भक्ष्याचे तुकडे कुसकरतो, त्यावर पाचक रस सोडतो आणि शरीराबाहेरच पातळ झालेले अन्न शोषून घेतो; घट्ट भाग तोंडाजवळच्या केसांत अडतो. शेवटी टाचणीच्या डोक्याएवढ्या दोन-तीन काळ्या गोळ्या तेवढ्या उरल्या.

लाल विंचवाची रीत वेगळी आहे. त्याच्या पकडी बारीक आणि शेपूट जाड असल्यामुळे तो डंखावर अधिक विसंबतो, आणि माणसाला धोकाही त्याच्यापासूनच आहे. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिल्यानंतर या दंशाने होणारे मृत्यू पुष्कळ घटले, तरीही बांधावर बूट घातल्याशिवाय पाऊल टाकू नये आणि दंश झाल्यास थेट रुग्णालय गाठावे.

विष तयार करणे शरीराला महाग पडते, हे मला या छंदातून खऱ्या अर्थाने उमगले. दक्षिण आफ्रिकेतील पॅराब्युथस विंचू प्रथम पोटॅशियमचे क्षार भरपूर असलेला पारदर्शक थेंब सोडतो, ज्याने वेदना होते पण प्रथिनांचा खर्च फारसा होत नाही. दुधाळ, खरे विष तो नंतरसाठी राखतो.

पंपघराच्या छताखाली मला युलोबोरिडी कुळातील एक कोळीही सापडला, ज्याच्या कुळात विषग्रंथीच नसतात. भक्ष्य तो धाग्यात इतके आवळतो की त्याचे पाय मोडतात आणि मग त्या गाठोड्यावर पाचक रस ओकतो. याच कुळातील फिलोपोनेला नावाचा कोळी एका भक्ष्यासाठी १०० मीटरहून अधिक धागा वापरतो.

काळ्या विंचवाच्या बिळाजवळ मी एक चुना लावलेला दगड ठेवला आहे. १४ ऑगस्टनंतर एकोणीस रात्री झाल्या. विंचू रोज बिळाच्या तोंडाशी बसलेला दिसतो, पण दुसरे भक्ष्य धरलेले अद्याप पाहिलेले नाही.