तीन की आठ? बाबांची राजदूत ३५० विकताना

बाबांची राजदूत ३५० गेल्या महिन्यात विकली. गाडी चालू करायला दोन महिने लागले, तिचे कागद चालू करायला सात. अजूनही आठवलं की डोकं तापते, म्हणून लिहितोय.

१९८४ची गाडी. ३४७ सीसी, दोन सिलिंडर, टू-स्ट्रोक. बाबा गेल्यावर २००४पासून कोठ्यात कुटाराच्या ढिगाला टेकून उभी होती. पिस्टन जाम, टाकीत गंज. तालुक्याच्या मिस्त्रीनं सगळं उघडून केलं. क्रँकचे ऑइल सील बदलल्याशिवाय अशी गाडी पळवू नका. वाळलेल्या सीलमधून इंजिन हवा ओढतं, पेट्रोल कमी पडतं आणि पिस्टन पुन्हा धरतो.

गिऱ्हाईक नागपूरचं. पहिला प्रश्न, "एचटी का एलटी?" आमची एचटी, म्हणजे हाय टॉर्क, साडेतीस हॉर्सपॉवरची. एलटीला, म्हणजे लो टॉर्कला, सत्तावीस. भाव लगेच जमला. दुसरा प्रश्न कागदांचा.

आरसी बुक बाबांच्या नावावर, एमएच यायच्या आधीच्या नंबरचं, हातानं लिहिलेलं. आरटीओच्या कॉम्प्युटरवर गाडीच नव्हती. आधी बॅकलॉग एंट्री, मग फॉर्म ३१ भरून वारसाच्या नावावर, फॉर्म २५ वर नोंदणीचं नूतनीकरण. पर्यावरण कर वेगळा. आई अन् बहिणीची संमती स्टॅम्प पेपरवर आधीच करून ठेवा, माझी एक चक्कर त्यातच गेली.

खरं अडलं ते चेसिस नंबरवर. पेंटरनं हँडलखालच्या मानेवर पुट्टी भरली होती. ती रॉकेलच्या फडक्यानं, नखानं काढली, कागद धरून पेन्सिल घासली. एकेक आकडा उमटला. खिडकीतल्या पोरानं प्रिंट बुकाशेजारी ठेवला अन् म्हणाला, "काका, बुकात आठ आहे, गाडीवर तीन. ही गाडी ती नाही."

बुकाची घडी नेमकी त्या आकड्यावर, शाई फुटलेली. मी म्हटलं, जुनं रजिस्टर काढून बघा. रेकॉर्ड रूमची चावी ज्याच्याकडं, तो रजेवर. पुढच्या सोमवारी या. सोमवारी साहेब दौऱ्यावर. सोयाबीन काढणीच्या ऐन दिवसांत मजूर वावरात सोडून मी एसटीनं चार वेळा गेलो. कोणी वाकडं बोललं नाही, पण कोणी उठून कपाटही उघडलं नाही. ज्या गाडीच्या टाकीवर बसून मी पहिल्यांदा शाळेत गेलो, ती आपली नाही असं ऐकून घ्यावं लागलं.

शेवटी आईनं बाबांची पत्र्याची पेटी उघडली. तळाशी १९८६चा विम्याचा कागद, टाइप केलेला. त्यावर स्पष्ट तीन. तो आणि प्रतिज्ञापत्र घेऊन मी थेट साहेबांपुढं उभा राहिलो. पिकअपमधून गाडी नेलीच होती. साहेब आवारात आले, मानेवर बोट फिरवलं, बुक उजेडात धरलं. पाच मिनिटं. सात महिन्यांचं काम पाच मिनिटांत झालं.

रंग द्यायच्या आधी चेसिसचा प्रिंट काढून ठेवा, हे मला कोणी सांगायला हवं होतं.

पुढं फॉर्म २९, ३० वर सह्या झाल्या, पैसे खात्यात आले. गिऱ्हाइकानं सगळे जुने कागद मागितले, सगळे दिले. विम्याच्या कागदाची मात्र झेरॉक्स दिली. त्यावर बाबांची सही आहे.